विहिरीचा रिपोर्ट

जयानं भरलेला हंडा विहिरीच्या कठड्यावरच उपडा केला, पाणी कावेरीकाकीच्या पायांवर उडालं, आणि भांडणाला तोंड फुटलं.

"ह्ये पानी मी पिनार नाय," जया म्हणाली. "नुसतं नाकाशी धरलं तरी मळमळतंय. मी झरीवर जाते, आत्याबाई."

"झरीवर? सातवा म्हैना चालू हाय तुला! नाल्याची उतरन बगितलीस का? पाय सटकला तं तुज्या आईला काय सांगू मी?"

"मंग तुमी आना."

"आनते की! दिसभर झरीवरच बसते करवंटी घेऊन. शेतात तुजा बाप राबंल, आन् चूल तुजी आई पेटवंल!"

सासू-सुनेचं भांडण म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. त्यात माझं पंक्चरचं दुकान विहिरीच्या वाटेवरच, चिंचेखाली. मी नवनाथ, साक्रीकडून पोट भरायला आलो आणि खडोलीच्या फॅक्टऱ्यांत सायकलीनं जाणाऱ्या कामगारांच्या ट्यूबा चिकटवता चिकटवता जांभूळपाड्याचाच होऊन गेलो. दुकानाला दार नाही, त्यामुळं पाड्यातली कुठलीही गोष्ट माझ्या कानावरून गेल्याशिवाय पुढं जात नाही. नवनाथला भारी चौकशा, असं लोक म्हणतात. असतील. देवानं कान दिलेत, त्यात काय बोळे घालून बसू?

पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. जयाचं खोटं नव्हतं. वरच्या टेकाडावर रंगाची फॅक्टरी उभी राहिल्यापासून विहीर बिघडली होती. त्या काळात आमच्या दादरा-नगर हवेलीत फॅक्टरी काढणाऱ्याला टॅक्स माफ, त्यामुळं आज मसाटला, उद्या खडोलीला अशा फॅक्टऱ्या उगवत होत्या. पोरांना काम मिळालं, हे मी नाकारत नाही. कावेरीकाकीचा ललित मसाटला धाग्याच्या फॅक्टरीत लागला तेव्हा काकीनं पाडाभर गूळ वाटला होता. पण रंगाची फॅक्टरी आली आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी तांबूस झालं. दुसऱ्या वर्षी त्यावर तवंग दिसायला लागला. हंड्यांना आतून लाल किटण धरायचं. म्हशी तोंड लावून मागं सरायच्या. माणूस म्हशीइतका शहाणा नसतो. दुसरं पाणी नाही म्हटल्यावर तो फडक्यानं गाळतो आणि पितो.

झरी होती, नाही असं नाही. नाल्यापलीकडं खडकातून पाझरायची. पाणी गोड, पण धार करंगळीएवढी, आणि पावसाळ्यात नाला भरला की तिकडं जायची वाटच बंद. म्हणून पाड्याची रीत पडली होती: झरीचं पाणी देवाला, आजाऱ्याला आणि पाहुण्याला. घरच्यांनी विहिरीचं प्यायचं. प्रत्येक घरात कोपऱ्यात एक झाकलेली कळशी असायची. नवा माणूस ओट्यावर टेकला की त्या कळशीत तांब्या बुडायचा. मी आलो त्या दिवशी मलाही त्यातलंच पाणी मिळालं. पुढं विहिरीचं मिळायला लागलं, तेव्हा मी समजलो की आता आपण पाहुणे राहिलो नाही.

तर भांडण. जया ओल्या पायांनी उभी होती आणि काकी तिच्या हातातून हंडा ओढत होती.

"आगं, जीप यून गेली ना वैशाखात? पानी तपासाया नेलंय ना?" काकीचा आवाज आता उतरला होता. "वाईट असतं तं येवढ्यात सांगाया आले असते. शेजारच्याच्या छपराला आग लागली तं आपन बोंब मारतो का नाय? मंग सरकार काय मानूस नाय? ते बोलत नाय म्हंजे पानी बरं हाय."

जयानं हंडा परत भरला. काकीनं तो तिच्या डोक्यावर न देता स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि दोघी घराकडं गेल्या. काकी वाईट सासू नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. तोंडानं तिखट, पण सुनेला जड उचलू देत नव्हती.

वैशाखातली ती जीप मी डोळ्यांनी पाहिली होती. विहीर तपासा, तोवर पाण्याचा टँकर द्या, असा अर्ज पाड्यानं मास्तरांकडून लिहून घेतला होता, सगळ्यांनी खाली अंगठे उठवले होते, आणि बऱ्याच दिवसांनी एक माणूस आला. ऊन असं की सायकलींच्या ट्यूबा आपोआप फुटत होत्या. तो माझ्या दुकानात बाकड्यावर बसला तो उठेचना. विहीर कुठं, विचारलं. मी बोट दाखवलं. त्यानं उन्हाकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं आणि तिथंच टोपीनं वारा घेत बसला. तेवढ्यात कावेरीकाकी रिकामी कळशी घेऊन चालली होती. त्यानं पिशवीतून दोन पांढऱ्या बाटल्या काढून तिच्या हातात दिल्या.

"बेन, ये दोनो भर के लाओ ना."

कशाला, ते त्यानं सांगितलं नाही. सायबाला कशाला म्हणून विचारायची आमच्यात पद्धत नाही. काकी गेली. बऱ्याच वेळानं आली, बाटल्या दिल्या, आणि ललितला भाकरी द्यायची म्हणून तशीच घराकडं पळाली. मग त्या माणसानं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि तेव्हा मला कळलं की हा पाण्याचा तपासनीस. संध्याकाळी मीच पाडाभर सांगत सुटलो, नमुना गेला, आता निकाल लागणार.

निकाल लागला नाही. काकी मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. मला ट्यूब आणि सोल्युशन आणायला सिल्वासाला जावं लागायचं, तेव्हा ती माझ्याबरोबर टेम्पोत बसायची आणि कचेरीची पायरी चढायची. तिथं रमाकांत नावाचा कारकून होता, वाड्याकडचा, अंगानं बारीक, बोलायला गोड. साहेबांच्या खोलीबाहेर त्याचं टेबल. पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाला, रिपोर्ट यायचाय. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा त्यानं मान खाली घातली.

"आलाय रिपोर्ट, आजी."

"काय हाय त्यात?"

"ते सांगता येत नाही. गोपनीय आहे."

"म्हंजे काय?"

"म्हणजे बाहेरच्या माणसाला दाखवायचा नाही."

"मी कुठं भायेरची? विहीर आमची. पानी आमी पितो. भायेरचे तं तुमी."

रमाकांत ओशाळला. "तुमचं बरोबर आहे, आजी. पण मी दाखवला तर माझी नोकरी जाईल."

"दावू नको. नुसतं हूं म्हन. पानी बरं असंल तं हूं म्हन, वाईट असंल तं गप बस."

तेवढ्यात आतून घंटी वाजली आणि तो उठून गेला. काकी मला म्हणाली, "गप बसला का रं तो? का उठून गेला?" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या कचेरीची मूठ तर जन्मात उघडायची नाही. परत येताना टेम्पोत काकीनं स्वतःचीच समजूत घातली. वाईट असतं तर त्याच्या तोंडावर दिसलं असतं, असं ती म्हणाली. मीही मान डोलावली.

श्रावणात जयाला मुलगा झाला. घरीच झाला. बाहेर पाऊस नुसता ओतत होता आणि नाला दोन्ही काठ धरून वाहत होता, त्यामुळं सिल्वासाला न्यायचा प्रश्नच नव्हता. ललितनं गूळ वाटला, मलाही पुडी दिली. बारसं सव्वा महिन्यानं, विहीर पुजल्यावर करू, असं ठरलं. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती विहिरीला हळदकुंकू वाहायला, ही आमच्या साक्रीकडचीही रीत. जयाला दूध कमी होतं. बाळाला शेळीचं दूध पाजायचे, पाणी घालून. कुठलं पाणी, हे काय सांगायला पाहिजे? नाला भरलेला होता.

बाळाला जुलाब लागले. थांबले, पुन्हा लागले. मग ते दूध ओकायला लागलं. भगत झाला, झाडपाला झाला. नाला उतरला त्या दिवशी ललितनं त्याला छातीशी धरून माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून सिल्वासा गाठलं. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं, सुई लावली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिकाम्या हातांनी परत आलो. नाही, रिकाम्या हातांनी नाही. कापडात गुंडाळलेलं होतं. नाल्याच्या वरच्या अंगाला पुरलं. नाव ठेवायचं राहून गेलं. पाड्यात घरी जन्मलेल्याची नोंद कोण करतंय, आणि गेलेल्याची तरी कोण करतंय? दवाखान्यातसुद्धा नाव नव्हतं म्हणून त्यांनी केसपेपरवर बापाचंच नाव घातलं.

पाण्यानंच पोर गेलं, असं मी छातीठोक सांगणार नाही. तान्ही पोरं पावसाळ्यात अशीही जातात. पण पाण्यानं नाही गेलं, असं तरी कोण सांगणार? ज्याला सांगता आलं असतं तो कागद सिल्वासाच्या कपाटात होता. मला झोंबतं ते हे. रडायचं तर कुणाच्या नावानं रडायचं, तेसुद्धा त्या मायला ठाऊक नव्हतं.

जया सासूशी बोलायची बंद झाली. शिव्या नाहीत, भांडण नाही. ताट समोर ठेवायची आणि निघून जायची. हंडा उपडा करणारी जया बरी होती, असं काकी मला म्हणाली. आणि एक दिवस माझ्याआधी टेम्पोत जाऊन बसली.

कचेरीत साहेब नव्हते. काकी रमाकांतच्या टेबलासमोर जमिनीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "नातू गेला रं माजा."

रमाकांतनं आमच्याकडं पाहिलं. इकडं तिकडं पाहिलं. कपाट उघडलं, फाईल काढली आणि आम्हाला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेला. माणसात माणूसपण कधी जागं होईल ते सांगता येत नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "आजी, मनाला लावून घेऊ नका. पाण्यानं काही झालेलं नाही. पाणी चांगलं आहे. हे बघा, रंग: नाही. वास: नाही. पिण्यास योग्य, असं लिहिलंय."

"रंग नाय?"

"नाही."

"वास बी नाय?"

"अजिबात नाही. एकदम स्वच्छ नमुना, म्हणून तर टँकरचा प्रस्ताव रद्द झाला."

मी तोंड उघडणार होतो. लाल विहिरीच्या पाण्याला रंग नाही? फॅक्टरीवाल्यानं पैसे चारले, हेच माझ्या डोक्यात आलं. पण काकीनं माझा दंड घट्ट धरला. रमाकांतला हात जोडून ती बाहेर आली आणि टेम्पोत जाऊन बसली. खडोलीचा फाटा गेल्यावर म्हणाली, "नवनाथ, त्या बाटल्या मी झरीवर भरल्या."

"काय?"

"येवढ्या उनाचा आला व्हता तो. पाव्हना व्हता. बाटल्याबी कशा पांढऱ्या सफेद. मला वाटलं, जीपमंदी वाटंत पिनार आसंल. त्याला विहिरीचं लाल पानी भरून देऊ?"

"अगं पण काकी, नमुना नेला म्हणून मी पाडाभर सांगितलं होतं!"

"त्यो त्यानं आपल्या हातानं विहिरीतून काडला आसंल असं वाटलं मला. पानी तपासाया आलेला मानूस विहिरीपातुर तरी जाईल ना रं?"

तो गेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. बाटल्या झरीच्या होत्या, हे तिला ठाऊक होतं. एकमेकांना विचारायचं कारणच पडलं नाही. तो कागद पहिल्या महिन्यात जरी आमच्यासमोर वाचला असता, तरी काकी एका दमात बोलली असती की सायब, हे आमच्या विहिरीचं नव्हं. कागदातली चूक ओळखणारं साऱ्या मुलखात एकच माणूस होतं, आणि त्यालाच कागद दाखवायचा नाही असा कायदा. मला टेम्पोतच शिव्या सुटल्या. काकी मात्र पदर तोंडात धरून बसली होती.

"जयाला सांगितलं पायजे," ती म्हणाली. घर आलं तरी सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवायची आणि तिच्यासमोर गेली की चुलीत लाकूड सारून बाहेर यायची.

पण कचेरीत ती गेली. थेट साहेबांच्या खोलीत शिरली, मी मागं. हात जोडून म्हणाली, "सायब, ते पानी झरीचं व्हतं. माज्या हातनं चूक झाली. विहिरीचं परत न्या." साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता विचारतील, कुठली झरी, कुठली विहीर. त्यांनी विचारलं ते निराळंच.

"रिपोर्टमध्ये काय आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

काकी उभी राहिली ती राहिली. मीही छताकडं बघत राहिलो. एवढ्यावर आम्हाला बाहेर काढलं.

पोर गेलं तेव्हा कुणी चौकशीला आलं नव्हतं. विहीर लाल झाली तेव्हा एक माणूस आला, तो माझ्या बाकड्यावरून उठला नाही. पण कागद फुटला म्हटल्यावर आठ दिवसांत जीप आली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! रमाकांतची दीवला बदली झाली होती आणि वर चौकशी लागली होती. चौकशीचे साहेब नाशिककडचे, चष्मा लावणारे, बोलणं सभ्य. काकीच्या ओट्यावर बसून त्यांनी कागद काढले. पाडा अंगणात जमला. ललितला सुट्टी नव्हती. जया दाराच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"बाई, तुम्हाला रिपोर्ट कुणी दाखवला? खरं सांगा, तुम्हाला काही होणार नाही."

"कुनी नाय," काकी म्हणाली. "मला वाचता तरी येतं का? पान्याचा टँकर आला नाय, म्हंजे कागदावर पानी चांगलं लिवलं आसनार. आन् चांगलं लिवलं म्हंजे ते मी दिल्यालं पानी. येवढं आमालाबी कळतं, सायब."

साहेबांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. पुन्हा पुन्हा फिरवून विचारलं. काकी तेच बोलत राहिली. शेवटी त्यांनी भराभरा लिहिलं, शाईचं पॅड काढलं आणि कागद पुढं सरकवला.

"इथं अंगठा करा."

"काय लिवलंय?"

"तुम्ही बोललात तेच."

"वाचा."

"बाई, हा कचेरीचा कागद असतो. वाचून दाखवायचा नसतो."

"मागं एकानं बाटली भराया सांगितली, कशाला ते सांगितलं नाय. मी भरली. आता आयकल्याबिगर अंगठा नाय देनार."

मी काकीच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "काकी, जया उभी आहे इथं."

"म्हनूनच," काकी म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अंगठ्याशिवाय त्यांची चौकशी पुरी होत नव्हती. त्यांनी वाचायला सुरुवात केली. पण दोन ओळी झाल्यावर काकीनं हात वर केला.

"माज्या नातवाचं कुठं हाय?"

"तो विषय ह्या चौकशीत येत नाही."

"मंग माजा अंगठाबी येत नाय."

साहेब चिडले असतील तर त्यांनी दाखवलं नाही. पेन उघडलं आणि विचारून विचारून नव्यानं लिहिलं. काकीनं सांगितलं, झरीचंबी नीट लिवा, गोल गोल नको. मग सगळं पहिल्यापासून वाचलं. सरकारी कागद आमच्या पाड्यात मोठ्यानं वाचला गेला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"मी, कावेरी, राहणार जांभूळपाडा, लिहून देते की, नमुन्याच्या बाटल्या मी स्वतः भरल्या. सदर पाणी विहिरीचे नसून नाल्यापलीकडील झरीचे होते. पाहुण्यास चांगले पाणी द्यावे ह्या समजुतीने मी ते भरले. बाटल्या कशासाठी आहेत हे मला सांगण्यात आले नव्हते. माझी सून जया हिला झालेला मुलगा, नाव ठेवलेले नव्हते, वय अंदाजे एक महिना, घरी विहिरीचे पाणी वापरात असताना आजारी पडून मयत झाला. मला रिपोर्ट कोणीही दाखवलेला नाही."

काकीनं अंगठा उठवला. ठसा सरळ उमटला. ती पदराला शाई पुसत होती तेव्हा खांबाकडून आवाज आला. कितीतरी दिवसांनी जया सासूशी बोलली.

"त्या मानसाला झरीचं भरून दिलं तुमी?"

"व्हय."

"आन् मला विहिरीचं पाजलं."

नाल्याची उतरण, श्रावणातला पूर, सातवा महिना, सगळं खरं होतं, पण त्यातलं एकही काकीनं पुढं केलं नाही. ती तिथंच ओट्यावर कपाळ टेकून रडायला लागली. पाड्यातल्या बायकांनी जयाकडं पाहिलं. आता ही काय करते, ह्या भीतीनं कुणी पुढं होईना. मलासुद्धा वाटलं, ही आता चालती होणार माहेरी.

काहीतरी बोलायचं म्हणून मी साहेबांना विचारलं, "साहेब, ह्याची नक्कल मिळंल का? पाड्यात ठेवू."

"नाही मिळत," साहेब म्हणाले. आवाज कडक नव्हता. "चौकशीचे कागद गोपनीय असतात."

"आणि विहिरीचं पाणी परत तपासणार?"

"ते माझ्याकडं नाही. मी वर लिहीन."

त्यांनी कागदाची घडी केली, बॅगेत घातली आणि बूट घालायला वाकले. तेव्हा जया खांब सोडून पुढं आली. काकीच्या शेजारून, तिच्या अंगाला पदर लागेल इतक्या जवळून आली, आणि ओट्याच्या कडेला साहेबांसमोर बसली.

"सायब, बाळाचं तेवढं परत वाचा."

साहेब थांबले. "वाचलं ना आत्ता?"

"तुमी कागद घिऊन जानार. आमाला देनार नाय. त्याचं दुसरीकडं कुठंच लिवल्यालं नाय. तेवढं परत वाचा."

साहेबांनी एक बूट तसाच ठेवला. बॅग उघडली, कागद काढला, चष्मा सारखा केला. "माझी सून जया हिला झालेला मुलगा..." त्यांनी वाचलं. जया म्हणाली, "अजून एकदा." ते परत वाचायला लागले. ह्या वेळी हळू वाचत होते, आणि त्यांच्या शब्दामागून शब्द जयाचे ओठ हलत होते.